सोनं विकतचं, पट्टा हातचा

घड्याळाचा पट्टा घेण्याआधी तो नाकाला लावून हुंगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबानं तो माझा घरमालक निघाला. महाडच्या बाजारपेठेतलं एकही दुकान आम्ही सोडलं नाही. आम्ही म्हणजे ते पुढे आणि मी मागे, डोळ्यांवर झोप घेऊन. दुकानदार हौसेनं पट्टे काढून मांडायचा. हे एकेक उचलायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि परत ठेवायचे. "वास नाही," एवढंच म्हणायचे. दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा आणि मग स्वतःच्या पट्ट्यांकडे.

मी तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. पाळी संपवून घरी आलो की माझ्याच कपड्यांना असा काही दर्प असायचा की दुसरा कुठलाही वास मला कळत नसे. पण हे पट्टा माझ्या नाकाखाली धरणार म्हणजे धरणार. "केमिस्ट, तुम्ही सांगा, हे चामडं आहे का?" माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मीही त्यांचं घेतलं नाही. एका सरकारी कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, आणि सगळी आळी त्यांना भाऊसाहेब म्हणायची. काकूसुद्धा भाऊसाहेबच म्हणायच्या. नवऱ्याला अशी हाक मारणारी बायको मी दुसरी पाहिलेली नाही.

माणूस म्हणजे एक प्रकरणच होतं. शर्टाला एकदा इस्त्री करायचे, घालायचे, आरशात बघायचे, काढायचे आणि पुन्हा इस्त्री करायचे. जिन्याखाली सगळ्या भाडेकरूंच्या चपला ओळीत, टाचा भिंतीला लावून ठेवायला लावायचे, पण स्वतः त्या चपलांना बोट लावायचे नाहीत. काठीनं सरळ करायचे. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की आख्खं महाड सामान माळ्यावर टाकतं. कुणी आधी टीव्ही उचलतो, कुणी धान्य. भाऊसाहेब ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसलेलं सोन्याचं घड्याळ घेऊन वर चढायचे, आणि मग काकूंनी खालून सगळं द्यायचं.

ते घड्याळ त्यांच्या लग्नातलं. चावीचं, पातळ, तबकडी जरा पिवळी पडलेली. रोज सकाळी चहाच्या आधी चावी देणार, कानाला लावणार, मग कपाला हात लावणार. जुनं असल्यामुळे दिवसात चांगलं मागं पडायचं, पण हे कबूल करायची सोय नव्हती. आकाशवाणीची वेळ पुढं आहे म्हणायचे. त्याला सोनेरी चेन होती. निम्मा मुलामा उडून आतला पांढरा धातू दिसायला लागला होता, तरी चेन तीच. एके दिवशी ती चेन तुटली. भाऊसाहेब दुसरी चेन आणायला निघाले आणि काकू दारात उभ्या राहिल्या.

हे मला कळायचं कारण मी जिन्यावर बसून बूट काढत होतो. काकू एरवी कमीच बोलायच्या, पण त्या दिवशी सगळं एका दमात बोलल्या. "चेन नको आता. माझ्या भावाच्या नातीचं लगीन हाय. यायचं असंल तर माझ्या बाबांनी केलावता तसला चामड्याचा पट्टा घालून या. नायतर मी एकटी जाते, दरवर्षी जाते तशी. आन् ह्या खेपेला गेले का तिकडंच ऱ्हाते."

भाऊसाहेब म्हणाले, "अगं, या वयात काय हे?"

"या वयातच," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझी मोटरसायकल होती, हाच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवसापासून माझी पाळी सुटली की भाऊसाहेब फाटकात तयार. डबल इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, खिशात रुमालात गुंडाळलेलं घड्याळ. मला जेवून झोपायचं असायचं. पण नाही म्हणायला लागलो की त्यांचा चेहरा असा व्हायचा की किल्ली आपोआप हातात यायची. बायको तिकडंच राहिली तर या माणसाचं काय होईल, हे मला दिसत होतं. त्यांना साधा वरणभात येत नव्हता. आणि वरणभाताचं जाऊ दे, काकू माहेरी गेल्या की हा माणूस दोन दिवस दिवासुद्धा न लावता ओटीवर बसून राहायचा.

दुकानदारांचं उत्तर सगळीकडे एकच. "भाऊसाहेब, आपल्याकडं चामडं टिकतंय का? चार महिने पाऊस. कपाटात ठेवलं तरी बुरशी धरतंय. रेग्झिन घ्या, प्लास्टिक घ्या, स्टील घ्या." एकानं तर मनगटावरचा स्वतःचाच पट्टा दाखवला, रबराचा. खरंच आहे. माझा चामड्याचा कमरपट्टा पहिल्याच पावसाळ्यात पांढरा पडला होता.

मी मोबाइलवरून एक मागवला. पेटीवर इंग्रजीत खरं चामडं असल्याची हमी, सोबत कापडी पिशवी, सगळा थाट. भाऊसाहेबांनी हुंगला आणि पहिल्यांदाच लगेच खाली ठेवला नाही. माझ्या जिवात जीव आला. काकूंना नेऊन दाखवला. काकूंनी तो अंगठ्यानं दाबला, दुमडला आणि म्हणाल्या, "वरून फवारा मारल्याला वास हाय. आतनं पुठ्ठा." मग माझ्याकडं बघून, "तुझं पैसं गेलं रे पोरा," असं खरोखर वाईट वाटून म्हणाल्या. मुंबईला असलेल्या माझ्या मित्राकडून दुसरा आला. तो खरा होता, पण मशीनची शिलाई. काकू म्हणाल्या, "चांगला हाय. पण ह्यो कुणाचाच नाय."

काकूंना हे कसं कळतं, हा प्रश्न मला पडायला नको होता, कारण एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती. नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. फेकायची म्हणून जिन्याखाली ठेवली, तर सकाळी अंगठा शिवलेला. पक्का, बारीक टाक्यांचा. पुढं वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या मुलीच्या सँडलचंही तसंच झालं. एकदा पहाटे पाणी भरायला उतरलो तर काकू मागच्या दारी बसून मेण लावलेला दोरा ओवत होत्या आणि भाऊसाहेब दबक्या आवाजात त्यांच्यावर चिडले होते. "काय गरज आहे? लोक काय म्हणतील? कुणी बघितलं तर?" काकू मान वर न करता टाके घालत होत्या. मला बघून भाऊसाहेबांनी आवाज बदलला. मग मला म्हणाले, "हिला हौस आहे शिवणकामाची." मी बरं म्हटलं आणि पाणी भरलं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी वैतागलो. म्हटलं, "भाऊसाहेब, काकूंना इतकं छान शिवता येतं, त्यांनाच सांगा की." ते म्हणाले, "सांगितलं. ती म्हणाली, बाबांच्या पट्ट्याचं मला सांगू नका." आम्ही नाक्यावर चहा घेत होतो. बशीतला चहा थंड होऊन त्यावर साय धरली तरी ते बशी धरून बसले होते. आणि मग त्यांनी सांगितलं. मागचंपुढचं करत सांगितलं, मी सरळ करून लिहितोय.

त्यांचे सासरे पोलादपूरच्या बाजारात वहाणा शिवायचे. भाऊसाहेबही त्याच समाजातले, पण वाडीतून शिकून सरकारी नोकरीला लागलेले पहिले. त्यांच्या वडिलांनी त्यांना रापीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. चामडं कापायची ती पाती घरात असताना पोरगा लांब बसून अभ्यास करायचा. नोकरीवाला जावई म्हटल्यावर सोन्याचं घड्याळ मागितलं गेलं. त्या वेळी मागायचेच. सासऱ्यांनी ते कसं आणलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मांडवात घड्याळ हातात देताना म्हणाले, "जावयबापू, सोनं इकत आणलंय. पट्टा हातचा हाय."

"मऊ होता हो," भाऊसाहेब म्हणाले. "असा मऊ पट्टा मी परत हातात घेतलेला नाही. आणि वास. खऱ्या चामड्याचा, तेलाचा."

तो पट्टा घालून ते कचेरीत गेले. साहेबांनी नाक वर करून विचारलं, "कसला वास येतोय रे?" मोठा कारकून म्हणाला, "भाऊसाहेबांना सासुरवाडीचा आहेर मिळालाय." सगळी कचेरी हसली. कुणी वाईट शब्द बोललं नाही. नुसते हसले, आणि पाणी प्यायला उठलेल्या एकानं माठावरचा पेला भाऊसाहेबांच्या हाताशी होता तो उचलून पलीकडं ठेवला. संध्याकाळी घरी येताना भाऊसाहेबांनी पट्टा काढला आणि पुलावरून सावित्रीत टाकून दिला. दुसऱ्या दिवशी सोनेरी चेन घालून गेले. बायकोला सांगितलं, तुटून पडला कुठंतरी. ती म्हणाली, "बाबांची शिलाई तुटत नाय." त्यानंतर त्या विषयावर ती जी गप्प झाली ती चेन तुटेपर्यंत.

"आणि तिनं मला वेळ कधी विचारली नाही," भाऊसाहेब म्हणाले. "भात किती वेळ शिजवायचा तेसुद्धा शेजारी विचारून यायची. मी समोर घड्याळ घालून बसलेला."

मला राग आला होता. त्या कचेरीचा आला, यांचाही आला, आणि झोपेचं खोबरं झालं म्हणून सगळ्या जगाचाच आला. पण ते थांबले नाहीत. एकदा महाडच्या एसटी स्टँडवर सासरे भेटले. पोलादपूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेले, शेजारी गोणपाटाची पिशवी. भाऊसाहेबांबरोबर कचेरीतले दोघं होते. सासऱ्यांची नजर मनगटावर गेली, चेनवर थांबली. मग त्यांनी विचारलं, "किती वाजलं, जावयबापू?" भाऊसाहेबांनी शर्टाची बाही खाली ओढली आणि स्टँडवरच्या मोठ्या घड्याळाकडं बोट केलं. म्हातारा म्हणाला, "मला त्यातलं वाचता येत नाय. तुमी सांगा." भाऊसाहेबांनी मनगटाकडं न बघता काहीतरी वेळ सांगितली. सासरे म्हणाले, "बरं." तेवढंच बोलणं. पुढच्या उन्हाळ्यात सासरे वारले. भाऊसाहेब खांदा द्यायला गेले ते परक्यासारखे सगळ्यांच्या मागं उभे राहून परत आले, आणि नंतर त्या घरी कधी गेलेच नाहीत.

"आता मला कुठला पट्टा मिळणार सांगा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "महाडात नाही मिळणार. उठा." मला त्या दिवशी दुपारी झोपायचं होतं, हे नोंदवून ठेवतो.

पोलादपूरला काकूंच्या भावाचं दुकान आहे. वहाणा आता कुणी शिवून घेत नाही. रेग्झिनच्या सँडली, शाळेचे बूट, शेतात घालायचे गमबूट, सगळं तयार माल, दोरीला टांगलेलं. लग्नसराईमुळं गर्दी होती. भाऊसाहेब दुकानासमोर उभे राहिले. एक गमबूट हातात घेऊन आत बघितलं, ठेवला. दुसरा घेतला. मी म्हटलं, "भाऊसाहेब, गमबूट हुंगू नका." तेव्हा मेहुण्याची नजर गेली.

"दाजी? आज वाट चुकलात काय?"

"पट्टा पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

"घड्याळाचा? समोर मोबाइलवाला ठेवतो."

"तसला नाही. बाबांनी केला होता तसला."

मेहुणा एका मुलाच्या पायात बूट चढवत होता. त्यानं नाडी बांधली, मुलाला चालून बघायला सांगितलं आणि मग म्हणाला, "बाबांचा तर हाय तुमच्याकडं."

दुकानात बायका होत्या, मुलं होती, रस्त्यावरून ओळखीची माणसं जात होती. भाऊसाहेब म्हणाले, "नाही. मी टाकून दिला. नदीत."

"कवा?"

"कचेरीत घातला त्याच संध्याकाळी. सगळे हसले म्हणून."

मेहुणा बसला. खोक्यावरच बसला. "ताय तर सांगायची, पेटीत कुलपात ठेवलाय. सणाला काढतात म्हणायची. बाबा सगळ्यांना सांगायचे, आमचा जावय चेन घालतो, पट्टा खराब व्हईल म्हणून जपून ठेवलाय. मरताना पण..." गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई बुटांचा जोड हातात धरून तशीच उभी राहिली.

भाऊसाहेबांना हे माहीत नव्हतं. काकू प्रत्येक खेपेला माहेरी जाऊन त्यांच्यासाठी खोटं बोलून यायच्या आणि घरी येऊन गप्प बसायच्या. भाऊसाहेबांनी दाराच्या खांबाला धरलं. मग चपला काढून दुकानाच्या पायरीवर चढले, तिथंच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "तू शिवून दे. मी बसतो."

"माझा हात गेला आता, दाजी. वीस-पंचवीस वर्सं झाली असतील."

"असू दे."

मेहुण्यानं माळ्यावरून वडिलांची हत्यारांची थैली काढली. चामड्याची, काळी पडलेली, पण तेल पिऊन जिवंत राहिलेली. आतली रापी गंजली होती. दगडावर घासून तिला धार आणली. चामडं कुठलं घ्यायचं म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि काही न बोलता थैलीचीच एक कड कापली. वास सुटला तसे भाऊसाहेबांनी डोळे मिटले. "धरा हे टोक, ताणून," मेहुणा म्हणाला. ज्या माणसानं भाडेकरूंच्या चपला काठीनं सरळ केल्या तो पोलादपूरच्या भर बाजारात, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, चामड्याचं टोक दोन्ही हातांनी धरून बसला. मी समोरच्या हॉटेलात बाकावर टेकलो आणि बसल्याबसल्या झोपलो. जागा झालो तेव्हाही ते तसेच बसले होते.

पट्टा काय झाला म्हणता? वाईट झाला. खरं सांगायचं तर महाडच्या दुकानात तो कुणी फुकट घेतला नसता. एक बाजू रुंद, एक अरुंद, शिलाई नागमोडी गेलेली, भोकं एका रेषेत नाहीत. लग्नाच्या सकाळी काकूंनी तो हातात घेतला. अंगठ्यानं दाबला. मग नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. हे चामडं कुठलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही पडली नाही. पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "शिलाय वाकडी हाय. आमच्या भावाचा हात गेला." मग स्वतःच्या हातानं पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला. "चला. किती वाजले बघा, गाडी चुकंल." भाऊसाहेबांना वेळ वाचता येईना, कारण डोळे भरले होते. मीच मोबाइल बघून सांगितली. कधीकधी माझं मलाच कळत नाही, मी तिथं कशाला उभा होतो.

पावसाळ्यात पट्ट्यावर बुरशी यायची ती आलीच. भाऊसाहेब ओटीवर बसून फडक्यानं पुसायचे, खोबरेल चोळायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा. इस्त्री एकदाच करायला लागले, कारण वेळ पट्ट्यात जायचा. "कंटाळा येतो हो केमिस्ट," म्हणायचे आणि चोळत राहायचे.

पावसाळा संपल्यावर पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला त्यांना मी नेलं. काम त्यांच्या जुन्या कचेरीच्या आवारातच होतं. खिडकीमागं एक तरुण मुलगी होती, नवीन लागलेली. भाऊसाहेबांनी कागद पुढं केला तशी ती थबकली. "आजोबा, वास कसला येतोय हो? चामड्याचा?"

भाऊसाहेबांनी बाही खाली ओढली नाही. वर सारली. हात खिडकीच्या आत नेला आणि नको तितक्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझ्या मेहुण्यानं शिवलाय. सासरे वहाणा शिवायचे पोलादपूरला. आम्ही चांभार."

रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवली. मुलगी म्हणाली, "छान आहे हो. आजकाल असं ओरिजिनल मिळत नाही." मग मशीन पुढं सरकवून, "अंगठा ठेवा इथं."

बाहेर येऊन ते पायरीवर बसले. मला वाटलं त्यांना बरं वाटलं असेल. तर ते दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून म्हणाले, "एवढंच होतं होय हो?" आणि थोड्या वेळानं, "एवढ्याला भिऊन मी म्हाताऱ्याला बाही ओढून दाखवली." मी पाणी आणून दिलं. ते प्याले नाहीत. थकले होते. मीही थकलो होतो, माझी रात्रपाळी झालेली.

परत येताना म्हणाले, स्टँडवर घ्या जरा. मोटरसायकल बाहेर लावून मी मागं गेलो. पोलादपूरची गाडी लागते तिथल्या बाकासमोर जाऊन ते उभे राहिले. मनगट वर केलं, डोळ्यांजवळ नेलं, नीट बघितलं.

"सव्वाबारा झालेत," ते मोठ्यानं म्हणाले.

बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या कुणा म्हाताऱ्याला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "बरं."

माझ्या मोबाइलवर साडेबारा होऊन गेले होते. मी तो खिशात टाकला.